७६ वर अडकलेला काटा

वजन उतरवलेल्या माणसाला लोक दोनच आकडे विचारतात, आधी किती होतं आणि आता किती आहे. मला मधल्या आकड्याबद्दल लिहायचंय. आषाढ संपता संपता माझं वजन ८४ वरून ७६ वर आलं आणि दिवाळीचा फराळ संपला तरी तिथून हललं नाही.

सुरुवात एका रिपोर्टने झाली. रक्तातल्या साखरेची तपासणी, एचबीएवनसी, ६.१. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या मध्ये असला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतो. आईला मधुमेह, मामाला मधुमेह, त्यामुळे मला वेगळं घाबरवायची कुणाला गरज पडली नाही. चहातली साखर बंद, रात्रीचा भात निम्मा, सकाळी पर्वतीची टेकडी. पहिले काही आठवडे काटा भराभर खाली आला. त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरात साठलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, आणि खाणं कमी झालं की दोन्ही बरोबरच जातात. पण तेव्हाचा वेग डोक्यात बसतो. पुढे खरी चरबी हळूहळू उतरायला लागली की तेच संथ वाटतं, आणि काटा पूर्ण थांबला की आपलंच काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागतं.

वजन थांबल्यावर कौतुकही थांबतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी ऑफिसात रोज कुणीतरी विचारायचं, "अगं, करतेस काय तू नक्की?" मग सगळ्यांना माझ्या नव्या आकाराची सवय झाली आणि सल्ले सुरू झाले. आमच्या डब्याच्या टेबलावर दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण आटपणारा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, दर दोनेक तासांनी थोडं थोडं खाणारा आणि तूप न सोडणारा. माझं अडकलेलं वजन म्हणजे समोरच्या पक्षाचा पराभव, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. मी कुठल्याच पक्षात नाही हे कुणी ऐकून घेईना.

माझी डाएटिशियन माझ्याहून बरीच लहान आहे. तिने माझी वही चाळली आणि कागदावर गणित मांडलं. शरीर लहान झालं की ते चालवायचा खर्चही कमी होतो. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या संशोधनाचा हिशेब असा, की घटलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी उतरतो आणि भूक मात्र १०० कॅलरींच्या आसपास वाढते. माझे ८ किलो गेले होते. तेल लावलेली एक पोळी ढोबळमानाने १०० कॅलरींची धरली, तर माझा खर्च दोन पोळ्यांनी कमी झाला होता आणि भूक आठ पोळ्यांनी वाढली होती.

"ताई, ही एवढी भूक सांभाळून तुम्ही ७६ वर आहात," ती म्हणाली. "सोडून दिलं असतं तर काटा कधीच वर गेला असता."

संध्याकाळी सहाला ऑफिसातून येताना जी भूक लागायची तिचा अर्थ मला त्या दिवशी लागला. ती भूक म्हणजे हावरटपणा, असं मी महिनोन्महिने धरून चालले होते.

आणखी कमी खायचं की इथेच थांबायचं, हे तिने माझ्यावर सोडलं. समोर श्रावण, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. मराठी घरात ताट आणखी रिकामं करायला याहून वाईट काळ नाही, त्यात उपवासाच्या नावाखाली दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. म्हणून ठरलं, दिवाळीपर्यंत वजन कमी करायचंच नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. पहिल्यांदा ऐकताना मला ही पळवाट वाटली. मग घरी भांडी लावताना विचार केला, समजा ठरवलेल्या आकड्यावर पोचले, तर पुढे काय? पुढे जन्मभर काट्यावर तोच आकडा बघायचा, आणि त्याचं कौतुक करायला कुणी येणार नाही. जे काम नंतर वर्षानुवर्षं करायचंय ते मी आत्ताच करत होते, तेही मोदक समोर असताना. एवढं डोक्यात आल्यावर ७६ चा राग बराच ओसरला.

पूर्ण नाही. नवरात्रात एका सकाळी काटा ७७.४ दाखवत होता आणि मी चिडून नाश्ताच केला नाही. आदल्या दिवशीचं लोणचं-पापड, जवळ आलेली पाळी, एवढ्यावर किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं हे माहीत असूनही. तेव्हापासून एकेका दिवसाचा आकडा मी मनावर घेत नाही, आठवड्याची सरासरी काढते.

त्या महिन्यांत खरं हललं ते दुसरीकडेच. डाएटिशियनने मूग, मटकी, अंडी, ताक वाढवायला लावलं आणि आठवड्यातून काही दिवस डंबेल. व्यायाम म्हणून पूर्वी उठाबशा, त्याही शाळेतल्या शिक्षेत काढल्या तेवढ्याच. २ किलोच्या डंबेलवरून ५ वर आले. कमर ९४ सेंटिमीटरवरून ८९ झाली. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ची मर्यादा सांगतात, म्हणजे अजून बरंच अंतर आहे. पण गणपतीसाठी काढलेल्या ब्लाउजला दिवाळीत आणखी एक टीप मारून घ्यावी लागली, आणि टेलरबाई म्हणाल्या, "वजन उतरवताय वाटतं!" वजन तेच होतं. मी काही बोलले नाही, मजेत घरी आले.

काट्याला सगळं कळत नाही, याचा नामी दाखला आमच्या पुण्यातलाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला सडपातळ आणि आतून चरबीवाले असतो, हे सांगायला डॉक्टरांनी स्वतःचंच अंग पुढे केलं. माझी उलटी गोष्ट, वजन तेवढंच पण आतला माल बदलत होता. दिवाळीआधी पुन्हा रक्त तपासलं. एचबीएवनसी ५.६. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, म्हणजे नेमकी काटा अडकला त्या महिन्यांची.

चिकाटीबद्दल विचाराल तर पर्वतीवरच्या एका काकूंना मी रिपोर्टपेक्षाही जास्त मार्क देईन. सत्तरी ओलांडलेल्या आहेत, १०३ पायऱ्या रोज चढतात. माझं वजन त्यांनी कधी विचारलं नाही. दांडी मारली की दुसऱ्या दिवशी एवढंच, "काल आली नाहीस?" उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी कित्येकदा पावसात छत्री घेऊन निघाले. घरातल्यांचं प्रोत्साहन ऐकून मी कधी अंथरुणातून उठलेली नाही.

दिवाळीनंतर खाणं पुन्हा थोडं आवळलं. काटा सुटला, पण पहिल्यासारखा धावला नाही. वर्षभरात ७२ च्या आसपास आला आणि आता पुन्हा तिथेच रेंगाळलाय. डाएटिशियनची पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे. तोवर वाढवायचं नाही एवढंच ठरलंय, आणि तिळाचे लाडू हिशेबात धरलेले आहेत.