हरकत क्रमांक आणि तिसरा ठसा

प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की गावातली माणसं नकाशापुढे उभी राहून आपापला गट नंबर शोधायला लागतात. कुणाच्या मळ्यावर बागेचं आरक्षण, कुणाच्या ओसरीवरून अठरा मीटरचा रस्ता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकत द्यायची ती लेखी आणि मुदतीत. मुदतीत दिली याचा पुरावा म्हणून माणसाच्या हातात काय उरतं, तर दुसऱ्या प्रतीवरचा आवक शिक्का. पुढे नियोजन समितीच्या सुनावणीला जा, पहिला प्रश्न हरकत क्रमांकाचा असतो.

मी ऑफिसातली मशीन दुरुस्त करतो. एका नगरपरिषदेने या हरकतींसाठी हातात धरायचा इलेक्ट्रॉनिक शिक्का घेतला होता. कागदावर ठेवून बटण दाबलं की आतलं शाईचं कार्ट्रिज सरकतं आणि मजकूर, क्रमांक, तारीख, वेळ एका दमात छापून मोकळं. मजकूर मात्र कॉम्प्युटरवर तयार करून केबलने भरावा लागतो, आणि तिथेच घोडं अडलं होतं. मुदत शुक्रवारी संपणार, आणि मला फोन आला गुरुवारी दुपारी.

विकणाऱ्याने दाखवताना ‘आवक’ हा शब्द छापून दाखवला होता. छान उमटला होता, उमटणारच! त्यात वेलांटी नाही, उकार नाही, जोडाक्षर नाही. खरा मजकूर भरल्यावर कागदावर आलं ‘प्‌रारूप वकिास योजना’. आवक विभागाच्या मॅडमनी तो कागद माझ्यापुढे धरला. “दादा, हे असं छापलं तर उद्या पेपरात फोटो येईल.”

कारण सोपं आहे. कॉम्प्युटर ‘वि’ साठवतो तेव्हा ‘व’ आधी आणि वेलांटी नंतर. पडद्यावर दाखवताना वेलांटी पुढे आणणं, ‘प’ला ‘र’ जोडणं हे काम एक वेगळी यंत्रणा करते. या शिक्क्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती नव्हतीच. ते फॉन्टमधून एकेक अक्षर उचलून ओळीने मांडत होतं. फॉन्ट बदलून काही होणार नव्हतं, पण माझ्या आधी कुणीतरी बसून सगळे फॉन्ट बदलून पाहिले होते. त्या कष्टांचं मला कौतुकच वाटलं.

मग मजकुराचं चित्र केलं. पेंटमध्ये युनिकोड फॉन्टने ओळी लिहिल्या, चित्र निव्वळ काळं-पांढरं ठेवलं आणि तेच शिक्क्यात भरलं. चित्राला शिक्का हात लावत नाही, जसं आहे तसं छापतो. अडचण जागेची. छपाईची उंची १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर उभे १५० ठिपके मिळतात. माहितीपुस्तकात चार ओळी लिहिल्या होत्या, पण तो हिशोब इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रेला जागा हवी, खाली ‘सू’च्या उकाराला हवी. चार ओळींत ‘सूचना’चा उकार खालच्या तारखेत घुसायला लागला, म्हणून तीनच ठेवल्या: वर योजनेचं नाव, मधे ‘हरकत-सूचना प्राप्त’, खाली क्रमांक, तारीख आणि वेळ. राखाडी छटा राहिली की शिरोरेषा तुटक येते, त्यामुळे ती एकेक ठिपका भरून सरळ केली. क्रमांक-तारखेचे आकडे शिक्का स्वतःच्या पोटातले वापरतो, ते इंग्रजीच राहिले. मॅडमना ते खटकलं. मलाही खटकलं, पण बदलणारा आकडा चित्रात घालता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. मजकूर भरला की शिक्का आपली वेळ कॉम्प्युटरवरून उचलतो, आणि त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा सेल बहुधा संपलेला. चालू केला की थेट जुन्या सालातली एक जानेवारी. आधी त्याची तारीख-वेळ मोबाइलशी जुळवली, मगच केबल लावली.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी मला बसवूनच घेतलं. दरवाजा उघडायच्या आधीच रांग जिन्यावरून खाली गेली होती. शिक्क्यात एकच क्रमांक किती वेळा छापायचा हे ठरवता येतं. ऑफिसने दोन सांगितले होते: एक मूळ अर्जावर, एक पोहोच म्हणून. कागदोपत्री बरोबरच. पण थोड्याच वेळात एक आजोबा एकच प्रत घेऊन आले. लिपिकाने एकच ठसा मारला, आणि मागच्या ताईंच्या मूळ अर्जावर आजोबांचाच क्रमांक उमटला. तिथून पुढे सगळीच माळ एकाने सरकली. लक्षात आलं ते पाचव्या-सहाव्या अर्जाला, जेव्हा एकाने आपल्या दोन प्रतींवर दोन वेगळे क्रमांक दाखवले. तोवरचे अर्ज परत मागवून हाताने दुरुस्ती आणि सह्या करण्यात बराच वेळ गेला, रांगेचा आवाज वाढला.

मी ठशांची संख्या तीन केली आणि आवक रजिस्टर शिक्क्याशेजारी उघडं ठेवायला सांगितलं. पहिला ठसा अर्जावर, दुसरा पोहोचवर, तिसरा थेट रजिस्टरच्या रकान्यात. कुणी एकच प्रत आणली तर दुसरा कोऱ्या चिठ्ठीवर मारून तीच हातात द्यायची, पण तीन म्हणजे तीनच. लिपिकाचं हाताने क्रमांक लिहिणं वाचलं, आणि तो आकड्याकडे न बघता रजिस्टरच्या रकान्याकडे बघायला लागला.

कार्यालयाची वेळ सव्वासहापर्यंत. सहा वाजता रांग अजून पोर्चमध्ये. एका साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “घड्याळ अर्धा तास मागे घेता येईल ना?” येतं. पण मग आतापर्यंत सहाच्या पुढची वेळ पडलेल्या पोहोच लोकांच्या खिशात होत्या; त्यांच्यानंतरच्या क्रमांकावर त्यांच्या आधीची वेळ आली असती, आणि पहिल्याच सुनावणीत एखाद्या वकिलाने ती पकडली असती. मॅडम माझ्याआधीच बोलल्या, “साहेब, वेळ खरीच राहू दे. आत आलेल्यांना आपण घेतोच आहोत, तर तसं छापू.”

सव्वासहाला शिपाईमामांनी फाटक लावलं आणि आत असलेल्यांना सह्या केलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. मी मधल्या ओळीचं नवं चित्र केलं: ‘६.१५ पूर्वी रांगेत हजर’. नवा मजकूर भरला की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. सुरुवातीचा क्रमांक हाताने घालावा लागला, आणि शेवटचा छापलेला क्रमांक सांगायला रजिस्टरातला तिसरा ठसा होता. एक कोरा कागद छापून पाहिला, त्यावर ‘रद्द’ लिहून मॅडमनी सही केली, आणि रांग पुढे सरकली. शेवटच्या पोहोचवर सात वाजून गेलेली वेळ आहे आणि तिच्या वर, काळ्या शाईत, तो माणूस वेळेत आला होता हेही आहे.

दोन्ही मजकूर शिक्क्यात ठेवूनच मी निघालो. कोणता निवडायचा ते लिपिकाला दाखवलं होतं. सोमवारी दुपारी मॅडमचा फोन. सकाळपासून आलेल्या सगळ्या टपालावर, नळजोडणीच्या अर्जांसकट, ‘६.१५ पूर्वी रांगेत हजर’ छापलं जात होतं.