आमची वाटचाल : काजूगर, टॅली आणि एकच पासवर्ड

वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रोसेसिंगचा छोटासा धंदा आहे. बाबांनी मागच्या पडवीत सुरू केला, चार बायका बी फोडायला आणि हिशेब लाल वहीत. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, वहीवर भागेना, म्हणून आम्ही टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं (बाबा अजून वही लिहितात, आणि खरं सांगायचं तर लाईट गेली की तीच कामी येते).

टॅलीत युजर एकच, मालकाचा. पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. बिलिंगची मुलगी, गोदामवाला, मी, बायको, सीएकडचा पोरगा, सीझनला येणारी दोन पोरं, सगळे त्यातूनच आत. आमच्यातलं एक पोरगं गोव्याला नोकरीला गेलं, त्यालाही पासवर्ड पाठ होता, पण बदलायचा तर सगळ्यांना सांगत बसा, म्हणून राहिलं.

२०२३ च्या एप्रिलपासून कंपन्यांना एडिट लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. आमची प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, आम्हाला तो नियम लागू नाही, पण सीए म्हणाले चालू करून ठेवा, म्हणून केला. त्याच वर्षी चतुर्थी झाल्यावर गोव्याच्या एका व्यापाऱ्याचं पेमेंट अठरा हजारांनी कमी आलं. बघतो तर डब्ल्यू २४० ग्रेडच्या मालाला बिलात ३२० चा रेट. आता २४० म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर, ३२० चे गर त्याहून बारीक, भावात फरक मोठा. लॉग उघडला तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी दुपारी बिल बदललेलं, कोणी तर 'मालक'. वर खाली सगळीकडे मालकच! त्या दुपारी ऑफिसात सगळेच होते.

मी बिलिंगच्या मुलीला बोललो. चारचौघात बोललो, जे बोलायला नको होतं. ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

पंधरा दिवसांनी व्हॉट्सॅपवर जुना फोटो शोधताना माझाच मेसेज सापडला, त्या व्यापाऱ्याला, "रेट बदलला, बघून घ्या". माटवीच्या (गणपतीवरच्या सजावटीच्या) सामानाच्या गडबडीत त्याचा फोन आला होता, माल बारीक आहे म्हणाला, मी बसल्या बसल्या बिल बदललं आणि विसरून गेलो.

तिच्या घरी गेलो, माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "दादा, येतलंय, पण माका माझा येगळा लॉगिन होया." मी आजवर वेगळं लॉगिन म्हणजे नोकरांवर नजर ठेवायची सोय समजत होतो, तिला ते माझ्यापासून बचावासाठी हवं होतं.

मग सीएकडच्या पोराने एका दुपारी बसून रोल, म्हणजे कामाप्रमाणे परवानग्यांचे गट, बनवले. बिलिंगवाल्यांना बिल करता येतं पण मागच्या तारखेचं नाही, गोदामवाल्याला फक्त स्टॉक, सीएला नुसतं बघायला. परवानग्या रोलला दिल्या, माणसं रोलमधे टाकली, त्यामुळे सीझनच्या पोरांना मार्चमधे आत घ्यायचं आणि मिरग लागला की बंद करायचं, दोन मिनिटांचं काम. ई-वे बिलाच्या (माल गाडीने पाठवायला लागणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या) पोर्टलवरही तिचा सब-युजर केला, ओटीपी तिच्याच मोबाईलवर जातो. आधी माझ्या फोनवर यायचा आणि मी बागेत, रेंज नाही, गाडी माल भरून उभी.

बाबा म्हणाले, घरच्यांना कसलं कुलूप? पण मी माझं रोजचं लॉगिनही बिलिंगवाल्या रोलमधेच टाकलंय. मालकाचा पासवर्ड पाकिटात, आईच्या कपाटात.

यंदा चतुर्थीत त्याच व्यापाऱ्याचा फोन आला, मागच्या आठवड्याच्या बिलात रेट बदला म्हणून. टॅली उघडलं, तारीख घेईना. आई आरतीला गेलेली, चावी तिच्या कमरेला. त्याला म्हटलं, पाच दिवस थांबा, गणपती पोचवून आमची बिलिंगवाली आली की तिच्याशी बोला.