उंदीर पडला की खोपीत

आमच्या खानापूर तालुक्यातल्या घरी प्लेगचा विषय निघाला की आजी एवढेच म्हणत असे, "उंदीर पडला की खोपीत जायचं." १८९७ नंतर बेळगाव-धारवाड भागात गाठीच्या तापाने थैमान घातले, तेव्हा घरात उंदीर मरून पडू लागले की माणसे राहती घरे बंद करून माळावर खोपी म्हणजे झोपड्या घालून राहिली, हे तिने तिच्या सासूकडून ऐकले होते. मरगाई देवीला गाऱ्हाणे घातले गेलेच, पण खोप घालण्यासाठी कोणी देवीच्या कौलाची वाट पाहिली नाही.

युरोपात मध्ययुगात, १३४७ साली आलेल्या प्लेगच्या महामारीविषयी वाचताना मला हे वाक्य आठवत राहिले. ऑक्टोबर १३४८ मध्ये पॅरिसच्या वैद्यकपंडितांनी राजा सहावा फिलिप याला अहवाल दिला, त्यात २० मार्च १३४५ रोजी कुंभ राशीत झालेली शनी, गुरू आणि मंगळ यांची युती हे रोगाचे मूळ ठरवले होते; त्या युतीमुळे दूषित वाफा उठल्या, हवा नासली आणि श्वासावाटे ती थेट हृदयापर्यंत पोहोचली, अशी ती मांडणी होती. पंचांग पाहून घराबाहेर पडणाऱ्या आपल्या लोकांनी त्यावर हसू नये.

आपल्याकडे मुघलकाळही मध्ययुगातच धरतात. १६१६ साली पंजाबात सुरू झालेल्या साथीविषयी जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीचा इतिहास सांगणाऱ्या 'इक्बालनामा-इ-जहांगिरी'त लिहिले आहे की उंदीर बिळातून बाहेर येऊन भिंतींवर आपटत मरे, आणि घरातली माणसे तत्काळ रानात निघून गेली तर वाचत, नाहीतर गावेच्या गावे ओस पडत. कारण ठाऊक नसताना केलेले हे निरीक्षण मला पॅरिसच्या अहवालापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. अर्थात बादशाही छावणीला असे रानात पांगणे कुठून जमणार? १६८८ मध्ये आमच्या शेजारच्या विजापुरात औरंगजेबाचा तळ असताना साथ आली आणि त्याची बेगम औरंगाबादी महल तिच्यातच दगावली.

उंदीर मेला की त्याच्या अंगावरची उपाशी पिसू माणसाकडे वळते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवले ते १८९८ साली. आजीला पिसवेचे काही माहीत नव्हते. मात्र खोपीतून परतल्यावर आधी कणगीतले धान्य उन्हात ओतायचे आणि मगच घरात चूल पेटवायची, हे ती न चुकता सांगे.