आमची वाटचाल : दर ठरवायला शिकताना

भाषांतरसेवा देणारी आमची संस्था सुरू झाली तेव्हा आम्ही दोघेच भागीदार होतो आणि दर ठरवण्याची आमची रीत फारच सोपी होती : दुसऱ्या कोणी सांगितला असेल त्याहून थोडा कमी दर सांगायचा. त्यामुळे कामे मिळत गेली. त्या कमी दराचा भार कोण सोसत होते, हे मात्र आम्ही बरेच दिवस पाहिले नाही.

ते दिसले एका मोठ्या तांत्रिक माहितीपुस्तिकेच्या कामात. संगणकातील जुन्या भाषांतरांच्या साठ्याशी तंतोतंत जुळणाऱ्या वाक्यांचे पैसे देणार नाही आणि बरीचशी जुळणाऱ्या वाक्यांचे निम्मेच देऊ, ही ग्राहकाची अट आम्ही मान्य केली आणि तीच कपात जशीच्या तशी भाषांतरकारांच्या मोबदल्यावर ढकलली. आमच्या सर्वांत अनुभवी भाषांतरकार बाईंनी काम वेळेवर दिले आणि सोबत तासांची नोंद जोडली. ‘बरीचशी जुळणारी’ वाक्ये मुळाशी ताडून दुरुस्त करायला त्यांना नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागला होता. त्यानंतर त्यांनी आमचे काम घेतले नाही, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते.

मग आम्ही व्यवसायाचे एखादे अधिकृत दरपत्रक शोधू लागलो. व्यावसायिक संघटना किमान दर ठरवून मोकळ्या का होत नाहीत, याचा मला तेव्हा रागच येत असे. उत्तर वकिलांच्या एका जुन्या खटल्यात सापडले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात घर विकत घेताना मालकी हक्काची तपासणी करून घेण्यासाठी एका दाम्पत्याने ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ जणांनी उत्तर दिले, पण वकील संघटनेच्या किमान शुल्कपत्रकापेक्षा कमी घ्यायला एकही तयार नव्हता. १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे बंधनकारक शुल्कपत्रक स्पर्धा कायद्याच्या विरोधात जाते, असा निर्णय दिला. जर्मनीत वास्तुविशारद आणि अभियंत्यांसाठी असलेले सक्तीचे किमान आणि कमाल दरही युरोपीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये अमान्य केले आणि २०२१ पासून ते दर केवळ मार्गदर्शक उरले. ग्राहकाच्या बाजूने पाहिल्यावर माझा राग निवळला, परंतु आमचा प्रश्न होता तिथेच राहिला, कारण मार्गदर्शक आकडा आयता मिळाला तरी तो आपल्या कामाला पुरतो की नाही, हे आपल्यालाच मोजावे लागते.

म्हणून आम्ही मोजणीला उलट्या टोकाने सुरुवात केली. वर्षाच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्यांचे १०४ दिवस वजा केले, सण, आजारपण आणि रजा यांसाठी आणखी ४० दिवस धरले, तेव्हा कामाचे सुमारे २२० दिवस उरले. दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द हा आमच्या व्यवसायातील नेहमीचा अंदाज. परंतु शंका विचारणे, परिभाषा जुळवणे आणि बिले करणे यांत जाणारा वेळ त्यात धरलेला नसतो. एका माणसाला वर्षभर नीट जगायला किती उत्पन्न लागते, हे त्या दिवसांवर आणि शब्दांवर वाटून पाहिले, तेव्हा आमचा तोवरचा शब्दामागचा दर ओशाळवाणा ठरला.

तेव्हापासून आमच्या अंदाजपत्रकात भाषांतर आणि पुनरीक्षण यांच्या रकमा वेगळ्या दिसतात. भाषांतरसेवेच्या २०१५ च्या आयएसओ १७१०० या मानकाप्रमाणे भाषांतर दुसऱ्या सक्षम व्यक्तीने मुळाशी ताडून तपासणे आवश्यक आहे. ही दुसरी व्यक्ती ‘दरात धरलेली आहे’ असे सांगणारे अनेकदा तिला काहीच देत नसतात. एके काळी आम्हीही त्यांतलेच होतो. यंत्राने केलेल्या भाषांतराच्या दुरुस्तीला आम्ही शब्दामागे नव्हे, तर तासामागे पैसे देतो, कारण मजकूर किती बिघडलेला आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

काही ग्राहक सोडून गेले. जे राहिले त्यांतले काही अजूनही प्रत्येक रकमेवर घासाघीस करतात, पण आता वाद कोणत्या कामावरून आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

ग्राहकाचे पैसे आले नसले तरी भाषांतरकाराला तीस दिवसांत मोबदला द्यायचा, हा नियम पाळणे आम्हाला सर्वांत जड जाते. त्यासाठी वेगळी गंगाजळी ठेवावी लागते. यंदा दोन महिने ती पुरली नाही, तेव्हा आम्ही दोघा भागीदारांनी आपली उचल पुढे ढकलली आणि भाषांतरकारांची देणी आधी चुकती केली.