वहीतल्या रेघा

मी टीम कोचिंग करते, म्हणजे एकट्या मॅनेजरला बाजूला घेऊन नाही तर अख्ख्या टीमसोबत, त्यांच्याच मीटिंगमध्ये बसून, त्यांच्याच रोजच्या कामावर. ही एक केस मात्र डोक्यातून जातच नाहीये.

नऊ जणांची टीम. कंपनीचं म्हणणं, मॅनेजर सोडले तर कुणी जबाबदारीच घेत नाही, यातून पुढचे लीड तयार करून द्या. पहिल्या मीटिंगला मी काही बोललेच नाही, वहीत सगळ्यांची नावं लिहिली आणि जो बोलेल त्याच्यापुढे रेघ मारत बसले. तासाभरात मॅनेजरांच्या ३७, बाकी आठ जणांच्या मिळून ११. नंतर मॅनेजर सरांना एकट्याला वही दाखवली. माणूस मनाने खरंच चांगला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी नाही बोललो तर मीटिंग पुढेच सरकत नाही हो." म्हटलं, एकदा बघू तर खरं.

पुढच्या आठवड्यात ठरलं की सर एकच प्रश्न विचारणार आणि गप्प बसणार. "मागची डिलिव्हरी लेट झाली, त्यात माझ्या काय लक्षात आलं नाही?" मग नुसती शांतता. घड्याळात ४० सेकंद, पण खोलीत बसलेल्यांना विचारा किती वाटली ती. सर पेनाचं टोपण काढतायत, लावतायत, दोनदा बोलायला गेले, मी मानेनेच नाही म्हटलं. आणि कोपऱ्यातली सगळ्यात ज्युनिअर मुलगी, जिच्या नावापुढे एकही रेघ नव्हती, ती म्हणाली, "सर, टेस्टिंगला वेळ पुरणार नाही हे मला तीन आठवडे आधीच कळलं होतं. पण क्लायंटला तारीख देऊन झाली होती, म्हटलं आता बोलून काय उपयोग."

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी एका कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास करून १९९९ मध्ये हेच मांडलं होतं, की चूक बोलून दाखवली तरी आपल्याला कुणी पाण्यात बघणार नाही हा भरवसा जिथे असतो तिथे टीम जास्त शिकते. ट्रेनिंगमध्ये मी हे कितीदा सांगितलंय, पण त्या क्षणी माझ्याच पोटात गोळा आला होता, कारण "मग आधी का नाही सांगितलंस?" एवढं जरी सरांच्या तोंडून गेलं असतं ना, तर परत कुणी बोललं नसतं.

सर म्हणाले, "पुढची तारीख कशी ठरवायची, तू सांग."

ती उठून बोर्डापाशी गेली. मार्कर चालेना, शेजारच्याने दुसरा दिला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, टेस्ट डेटाचं मी बघतो. सरांकडे न बघता.

त्यानंतरच्या मीटिंगला सर परत सवयीने मधेच सुरू झाले, सवय अशी एका दिवसात थोडीच जाते. तेव्हा तीच म्हणाली, "सर, एक मिनिट, माझं पूर्ण होऊ दे."