तुम्ही विचारलंत म्हणून : तोट्यातल्या एसटीला अजून पैसे का द्यायचे?

प्रश्न नेहमी एकाच सुरात येतो. "एसटीच्या आर्थिक स्थितीवरची सरकारची श्वेतपत्रिका वाचलीत ना? दहा हजार कोटींच्या वर संचित तोटा. तरी तुम्ही म्हणता सरकारने एसटीला आणखी पैसे द्यावेत?" हो, म्हणतो. जून २०२५च्या श्वेतपत्रिकेतला १०,३२२ कोटींचा आकडा मलाही पाठ आहे. पण तो कशाचा बनलाय हे बघायला कुणी थांबत नाही, म्हणून एकदाच नीट लिहितो.

तालुक्याच्या गावाहून ४० किलोमीटरवरच्या खेड्यात रात्री मुक्कामी गेलेली साधी गाडी घ्या. सकाळी सहाला ती खेड्यातून निघते. आसनं ४४, सगळी भरलेली. तुमच्या मते अशी गाडी फायद्यातच असणार. सहा किलोमीटरचा एक टप्पा, असे सात टप्पे. पूर्ण तिकीट सोयीसाठी ७० रुपये धरू. आता कोण बसलंय ते बघू. बारा मुली शाळा-कॉलेजच्या, अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास. आठ मुलगे, सवलतीचा विद्यार्थी पास. चौदा बायका, अर्धं तिकीट. चार जण पंचाहत्तरीच्या पुढचे, त्यांना शून्य रुपयाचं तिकीट फाडायचं. दोघं पासष्टच्या वरचे, अर्धं. उरले चार पुरुष, पूर्ण भाड्याचे. कंडक्टरच्या मशिनमध्ये रोख जमले ८४० रुपये. साडेचारच्या केएमपीएलने, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटर धरून, ४० किलोमीटरला नऊ लिटर डिझेल लागलं, म्हणजे आठशेच्या आसपास. तिकिटातला साडेसतरा टक्के प्रवासी कर वजा केला की उरलेल्या रोखीत डिझेलही निघत नाही. ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, टायर, ऑइल हे अजून धरलेलंच नाही.

गाडी खच्चून भरलेली आहे. भारमान शंभर टक्के. तरी ही फेरी तोट्यात.

यावर लगेच उत्तर येतं की सवलतीचे पैसे सरकार देतंच की. देतं, पण नंतर. आणि पूर्ण देतंच असं नाही. एसटी कर्मचाऱ्यांचा मार्च २०२५चा पगार एप्रिलमध्ये हातात आला तो ५६ टक्के. सवलती सरकारने जाहीर केल्या, शून्याची तिकिटं कंडक्टरने फाडली, गाडी आगाराने चालवली, आणि प्रतिपूर्तीची रक्कम अपुरी आली तर खड्डा पडतो तो क्लीनरपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांच्या घरात. सवलती बंद करा असं मी म्हणत नाही. १७ मार्च २०२३ला महिलांचं अर्धं तिकीट सुरू झालं, तेव्हापासून ज्या बायका माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जाऊ लागल्या त्यांचा प्रवास खरा आहे. पण तो प्रवास सरकारने विकत घेतलाय, मग त्याचे पैसे वेळेवर मोजायला नकोत?

आणि मोजले तरी त्यातून नवी गाडी येत नाही. माझं म्हणणं नेमकं इथे आहे. प्रतिपूर्ती म्हणजे कालच्या फेरीचे पैसे. गाडी बदलायला उद्याचे पैसे लागतात, दरवर्षी, ठरवून, अर्थसंकल्पात वेगळे काढून. पंधरा हजार गाड्यांचा ताफा धरा आणि गाडीचं आयुष्य दहा वर्षं धरा, तर वर्षाला दीड हजार गाड्या नुसत्या आहे तिथेच राहण्यासाठी हव्यात. चार वर्षं खरेदी थांबली की सहा हजारांचा अनुशेष. मग एका हप्त्यात हजारो गाड्यांची घोषणा होते, निविदा, वाद, आणि पुन्हा थांबणं.

जुनी गाडी आगारात काय करते ते सांगतो. आधी केएमपीएल पडतं. मग पाटे तुटतात, रेडिएटर गळतो, क्लच प्लेट लवकर जाते. स्टोअरमध्ये पार्ट नसला की गाडी ऑफ रोड. मग दुसऱ्या ऑफ रोड गाडीचा पार्ट काढून हिला लावायचा. म्हणजे एक उभी राहते तेव्हा दुसरी चालते. सकाळी आगारात नियतं, म्हणजे गाड्यांची ठरलेली कामं, बावन्न आणि चालू गाड्या सत्तेचाळीस असल्या तर पाच ठिकाणची फेरी जाणार. कुठली? वाहतूक नियंत्रक पुण्या-मुंबईची लांब पल्ल्याची रद्द करणार नाही, तिचं ईपीकेएम, म्हणजे किलोमीटरमागचं उत्पन्न, चांगलं असतं. खेड्याचीच जाते. तीनदा रद्द झाली की पोरं वडापने, म्हणजे खासगी जीपने, जाऊ लागतात, बापलोक हप्त्यावर मोटारसायकल घेतात. मग चालू असते त्या दिवशीही गाडी रिकामी धावते. मग कमी भारमानाची म्हणून ती कायमचीच बंद होते आणि कागदावर तोटा थोडा कमी दिसतो.

मीही पूर्वी याच भारमानाच्या तक्त्याने वाद घालायचो. पंचेचाळीस टक्क्यांच्या खालच्या फेऱ्या बंद करा, बाकीच्या सुधारतील, असं ठामपणे सांगायचो. त्यात एक चूक होती आणि ती मोठी होती: फेरी आधी मोडते, प्रवासी नंतर जातो.

आता संपाचं. त्याशिवाय हे पूर्ण होत नाही, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तेच तोंडावर मारता : "पाच महिने एसटी बंद होती, काय बिघडलं?"

कोविडमध्ये गाड्या उभ्या राहिल्या, पगार थकले, कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागात पाचवीपासूनच्या शाळा उघडल्या. त्याच महिन्याच्या शेवटी आंदोलन सुरू झालं. एसटी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची मागणी पुढे आली आणि दिवाळीत एकेक आगार बंद होत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातली सगळी, अडीचशे आगारं बंद. ८ नोव्हेंबरला सरकारने खासगी बसना, शाळेच्या, कंपन्यांच्या बसना, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. मालवाहू गाडीत माणसं! ज्या मुली दीड वर्षाने वर्गात बसल्या होत्या त्यांची गाडी महिन्याभरात गेली. ज्यांच्या घरी दुचाकी होती ती पोरं शाळेत गेली. त्यातही भावाला गाडीवर बसवायचं की बहिणीला, हा प्रश्न उरलाच. २४ नोव्हेंबरला पगारवाढ जाहीर झाली: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना पाच हजार, वीस वर्षांपर्यंत चार हजार, त्यापुढे अडीच हजार. संप तरी चालला. उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीप्रमाणे २२ एप्रिल २०२२पर्यंत लोक कामावर परतले.

आणि काय बिघडलं ते आता सांगतो, कारण हे कुणी विचारत नाही. पाच महिने उभी असलेली गाडी चावी फिरवून सुरू होत नाही. दोन्ही बॅटऱ्या बसलेल्या. काही पुन्हा चार्जच धरत नाहीत. टायर एकाच जागी दबून चपटे. टाकीच्या तळाला पाणी, ते काढल्याशिवाय सुरू केली तर फिल्टर आणि पंपावर येतं. ब्रेकच्या हवेच्या नळ्या, डायफ्रॅम कडक होऊन हवा धरत नाहीत. टाकीत प्रेशर चढेपर्यंत गाडी हलवायची नाही, आणि चढलं तरी रात्रभर टिकतं का ते बघायचं. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. पासिंग संपलेल्या गाड्या आरटीओकडून तपासून आणल्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाहीत. हे एका गाडीचं. हजारो गाड्यांचं, आधीच रिकाम्या स्टोअरमधून.

प्रवाशांचं त्याहून वाईट. जे पाच महिन्यांत वडापला, दुचाकीला लागले, ते सगळे परत आले नाहीत. ज्या मुलींची शाळा सुटली त्यांची मोजदाद कुठल्या आगारात होत नाही.

संपात मी विलीनीकरणाच्या बाजूने होतो. वाटायचं, पगार तिजोरीतून सुरू झाला की भांडण मिटेल. आज तितकं खात्रीने म्हणता येत नाही. पगार सुरक्षित झाला आणि गाडी जुनीच राहिली, तर सहाच्या मुक्कामीत काय फरक पडतो? पण पगाराची हमी नसलेल्या ड्रायव्हरने रात्री खेड्यात गाडीतच झोपून पहाटे ती काढावी, ही अपेक्षा तरी कुठल्या तोंडाने करायची? दोन्ही बाजू मला पटतात, आणि मी अजून अडकलेलो आहे.

खासगीकरणवाल्यांना एवढंच: ५,१५० इलेक्ट्रिक गाड्यांचा खासगी कंपनीशी भाडेतत्त्वाचा करार झाला होता, भाडं दर किलोमीटरमागे. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. आपल्या मालकीची गाडी बिघडली तर मेकॅनिक तरी आपला असतो.

रस्ते वाहतूक महामंडळांचा १९५०चा कायदाच बघा. कलम १८ म्हणतं पुरेशी, कार्यक्षम, किफायतशीर सेवा द्या. कलम २२ म्हणतं व्यावसायिक तत्त्वावर चला. तुम्ही बावीस वाचून दाखवता, मी अठरा. पुरेशी सेवा हे ज्याला काम म्हणून सांगितलंय त्याला ते काम करण्याचे पैसे द्यायचे की नाही, एवढाच माझा सवाल आहे. दिले तर ते गाड्यांवर जातील की थकलेल्या पीएफवर, याची धास्ती मलाही आहे. म्हणूनच गाडी बदलण्याचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा, पगाराला हात लावू नका आणि पगारासाठी त्याला हात लावू नका, असं म्हणतो.

तुमच्या स्टँडवर जाऊन एकदा विचारा, या महिन्यात किती फेऱ्या रद्द झाल्या आणि प्रत्येकीपुढे कारण काय लिहिलंय. "प्रवासी नाहीत" किती वेळा आणि "गाडी उपलब्ध नाही" किती वेळा, ते मोजा. मग पुन्हा विचारा, मी पुन्हा सांगेन.