मिसावा, कावादा आणि माझी परीक्षणाची वही

जुन्या जपानी कुस्त्यांवर लिहायचं ठरवलं तेव्हा सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच नव्हता. ९ जून १९९५, टोकियोचं बुदोकान सभागृह, ऑल जपान प्रो रेसलिंग या कंपनीची जोडीच्या किताबाची लढत. एका बाजूला मित्सुहारू मिसावा आणि केंता कोबाशी, समोर तोशिआकी कावादा आणि आकिरा ताउए. बेचाळीस मिनिटांहून जास्त चालते. बघताना अंगावर काटा आला, पण लिहायला बसलो तर 'जबरदस्त मारामारी, भन्नाट शेवट' याच्यापुढे पेन सरकेना.

म्हणून मागे गेलो. मिसावा आणि कावादा एकाच शाळेच्या कुस्ती संघातले, कावादा एक वर्षाने धाकटा. मे १९९० मध्ये मिसावाने तोवर घालत असलेला टायगर मास्क या पात्राचा मुखवटा भर लढतीत उतरवला, तेव्हा तो सोडायला हात लावला जोडीदार कावादानेच. पुढच्याच महिन्यात मिसावाने कंपनीचा बडा मल्ल जंबो त्सुरुताला चीत केलं आणि तो मोठा झाला. कावादा मात्र धाकटाच राहिला. १९९३ मध्ये तो समोरच्या गोटात गेला. त्या डिसेंबरात याच चौघांच्या लढतीत त्याचा गुडघा दुखावलेला होता आणि कोबाशीने त्याला पाडलं. ३ जून १९९४ ला एकट्याने भिडला, तरी मिसावाच जिंकला.

एवढं बघून १९९५ च्या लढतीकडे परतलो आणि ती वेगळीच दिसायला लागली. आता पायाला पट्ट्या बांधलेला कोबाशी आहे आणि त्याच पायावर लाथा घालतोय तो कावादा! हिशेब चुकता होतोय. शेवटाकडे मिसावा गलितगात्र पडलेला असताना लंगडा कोबाशी त्याच्या अंगावर आडवा पडून मार स्वतःवर घेतो. तरीही कावादा मिसावाला चीत करतोच, आणि तेही पहिल्यांदा. नुसती डावांची यादी केली असती तर यातलं काहीच कागदावर आलं नसतं.

तेव्हापासून एक सवय लागली. पहिल्यांदा बघताना वही बंद. समालोचन जपानी, मला कळत नाही, म्हणून प्रेक्षकांकडे कान ठेवतो. बुदोकानचे लोक पाय आपटायला लागले की वेळ लिहून घ्यायची. नंतर एकदा फक्त दोराबाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराकडे बघायचं. कॅमेरा तिकडे फार जात नाही, पण जातो तेव्हा बरंच सापडतं.

कोल्हापूरकडचे मित्र हे सगळं 'नुरा' म्हणून मोडीत काढतात. निकाल आधी ठरलेला असतो, हे खरंच आहे. पण नाटकाचा शेवट संहितेत लिहिलेला असतो म्हणून प्रयोगाबद्दल कोणी बोलायचं थांबत नाही. शिवाय मान आपटते ती खरोखरच. १३ जून २००९ ला हिरोशिमात लढत चालू असताना पाठीमागे आपटला गेलेला मिसावा पुन्हा उठला नाही. ४६ वर्षांचा होता.

परीक्षण लिहिताना मला सगळ्यात जड गेलं ते हेच. १९९४ च्या लढतीत मिसावा ज्या डावाने जिंकतो, त्या टायगर ड्रायव्हर '९१ मध्ये समोरचा थेट मानेवर उतरतो. बाकीचे समीक्षक इथे तारे वाढवतात. मी तारे देणंच बंद केलंय. तो डाव तिथे का आला, आधी काय काय करून कावादा हटत नव्हता, एवढं सविस्तर लिहितो. 'कमाल' हा शब्द मात्र त्या आपटण्याला लावत नाही.

सध्या १ मे १९९८ ची टोकियो डोममधली लढत घेतली आहे. त्रिमुकुटाच्या, म्हणजे ऑल जपानच्या सर्वोच्च एकेरी किताबाच्या लढतीत मिसावाला हरवायला कावादाला तोवर थांबावं लागलं. लढत म्हणून मला ती १९९४ च्या पासंगालाही पुरत नाही, दोघंही थकलेले वाटतात. तसंच लिहिणार आहे.